मृत्यू नाताळबाबा होतो तेव्हा

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या बेळगावच्या गल्लीबोळांत दगड-मातीचे ढीग दिसू लागतात. सहामाही परीक्षा झालेली असते आणि मुलांची नखे मातीने काळी झालेली असतात. किल्ले उभे राहतात, तटाला गेरू लागतो, उतारावर मोहरी पेरली जाते. सिंहासनावर महाराज बसतात. गुहेच्या तोंडाशी एक वाघ असतो, आणि तो बहुधा महाराजांपेक्षा आकाराने मोठा असतो. हेडमास्तर या नात्याने मी या उद्योगाला वेळेचा अपव्यय म्हणावे अशी काही पालकांची अपेक्षा असते. मी म्हणत नाही, कारण लहानपणी मीही तेच केले आहे.

२००६ सालच्या दिवाळीतली गोष्ट. शेजारच्या वाड्यातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाने जिन्याखाली किल्ला केला होता. रात्री जेवणे झाली की तो दरवाजावरच्या पहारेकऱ्यांपाशी एक पणती ठेवून जाई. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाला, "सर, रात्री सगळे झोपले की मावळे हलतात. अंधारात त्यांना दिसणार कसं? आजीनं सांगितलंय." आणि मग जरा थांबून, "हलतात ना हो सर?"

मी इतिहासाचा एम.ए. शाळेत दंतकथा आणि पुरावा यांतला फरक शिकवणारा. मी हसून म्हणालो, "अरे बाळ, ते मातीचे. ते कसे हलतील?" त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा मावळ्यांकडे पाहिले. बोलला काहीच नाही. दुसऱ्या रात्री तिथे पणती नव्हती. मी खोटे काही सांगितले नव्हते. तरीही काहीतरी मोडले आहे आणि ते आपल्या हातून मोडले आहे, ही बोच मनात राहिली.

ही आठवण आता सांगण्याचे कारण वेगळे आहे. त्याच वर्षी डिसेंबरात, येथून हजारो मैलांवर, इंग्लंडातल्या घराघरांत एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हाच प्रश्न विचारला होता. त्या कार्यक्रमाचा आणि त्याच्या प्रेक्षकांचा थोडा इतिहास सांगावा, असे योजले आहे.

*

कार्यक्रमाचे नाव 'हॉगफादर'. मूळ कादंबरी टेरी प्रॅचेट या इंग्रज विनोदी लेखकाची, १९९६ साली प्रसिद्ध झालेली. प्रॅचेटचा जन्म १९४८ चा. तरुणपणी तो एका स्थानिक वृत्तपत्रात वार्ताहर होता. १९८३ पासून त्याने 'डिस्कवर्ल्ड' म्हणजे 'थाळीजग' या कल्पित जगाविषयी एकापाठोपाठ एक एक्केचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. 'हॉगफादर' ही त्यांतली विसावी.

हे जग थाळीसारखे सपाट आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर आहे आणि ते हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर उभे राहून अवकाशातून चालले आहेत. आपल्या वाचकांना हे चित्र परके वाटू नये. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात सगराचे साठ हजार पुत्र पृथ्वी खणत जातात, तेव्हा त्यांना चार दिशांना पृथ्वी तोलून धरणारे चार हत्ती भेटतात: विरूपाक्ष, महापद्म, सौमनस आणि भद्र. विरूपाक्षाने थकून मस्तक हलवले की भूकंप होतो, असेही तेथे म्हटले आहे. समुद्रमंथनात मंदर पर्वत पाठीवर घेणारा कूर्म तर घरोघरी ठाऊक आहे. लक्ष्मीपूजनाची लक्ष्मी त्याच मंथनातून वर आली. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, त्याला नमस्कार करूनच आपण पुढे जातो. पुढे युरोपीय प्रवासी आणि पाद्री यांच्या लिखाणातून ही चित्रे एकमेकांत मिसळून तिकडे पोहोचली. १६९० साली जॉन लॉक या तत्त्वज्ञाने आपल्या ग्रंथात त्या हिंदी माणसाची थट्टाही केली, ज्याला पृथ्वीखाली हत्ती सांगता आला, हत्तीखाली कासव सांगता आले, पण कासवाखाली काय ते सांगता आले नाही. लॉकने जे चित्र थट्टेवारी नेले, त्याच्यावर तीनशे वर्षांनी त्याच्याच देशातल्या विनोदी लेखकाने आपले सारे जग बसवले.

या थाळीजगात थंडीच्या मध्यावर नाताळासारखा सण येतो. त्या रात्री चार रानडुकरांच्या गाडीतून 'हॉगफादर', म्हणजे वराहबाबा म्हणू या, मुलांसाठी खेळणी घेऊन येतो. विश्वाचे काही हिशेबतपासनीस आहेत. त्यांना नियमाने फिरणारे दगड आवडतात. कल्पना करणारी माणसे म्हणजे त्यांच्या मते वहीतली न जुळणारी बाकी. (ऑडिटच्या दिवसांत शाळेच्या कचेरीत बसलेल्या कोणालाही हे पात्र चटकन कळेल.) वराहबाबाला संपवण्याची सुपारी ते एका मारेकऱ्याला देतात. मारेकरी त्याला शस्त्राने मारत नाही. दंतपरीच्या वाड्यात साठवलेले मुलांचे पडलेले दुधाचे दात तो हस्तगत करतो आणि त्यांच्या जोरावर मुलांच्या मनातला विश्वासच काढून घेतो. विश्वास गेला की बाबा राहतोच कुठे? मग त्याची जागा चालवायला स्वतः मृत्यू पुढे येतो. हाडांचा सापळा लाल झगा घालतो, खोटी दाढी लावतो, पोटाला उशी बांधतो आणि धुराड्यांतून उतरू लागतो. खरा शोध मात्र घेते त्याची नात सुझन. ती त्याच्या मानलेल्या मुलीची मुलगी; एका घरी मुलांना सांभाळते आणि पलंगाखालच्या राक्षसांना चुलीच्या लोखंडी सळईने बडवून काढते.

*

ही थट्टा वाटते, पण तिच्याखाली इतिहासाचा एक थर आहे. थंडीतला हा सण फार जुना. रोमन लोकांचा सॅटर्नेलिया १७ डिसेंबरपासून सुरू होई. त्यात मालक-नोकर हा भेद तेवढ्यापुरता बाजूला राही. उत्तरेकडच्या लोकांत यूलच्या सणाला रानडुकराचा मान असे, त्याच्यावर हात ठेवून शपथा घेत. २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून रोममध्ये पाळला गेल्याचा सर्वांत जुना दाखला इसवी सन ३३६ चा आहे. मायरा गावचा बिशप निकोलस चौथ्या शतकातला. त्याला आठ सांबरांची गाडी मिळाली ती थेट १८२३ साली, न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्रात छापलेल्या कवितेतून. मधल्या काळात, १६४७ साली, इंग्लंडच्या प्युरिटन पार्लमेंटने नाताळ पाळण्यावरच बंदी घातली होती. ती टिकली नाही.

प्रॅचेटने या साऱ्याला जेम्स फ्रेझरच्या 'द गोल्डन बाउ' या १८९० च्या ग्रंथातला रंग दिला आहे. त्याचा वराहबाबा मुळात हिवाळ्यात बळी दिले जाणारे रानडुक्कर. सूर्य परत यावा म्हणून बर्फावर सांडलेले रक्त. गंमत अशी की ज्या १९९६ साली ही कादंबरी आली, त्याच साली रोनाल्ड हटन या इतिहासकाराचा इंग्रजी सणावारांवरचा मोठा ग्रंथही आला. अनादि म्हणून मिरवणाऱ्या बऱ्याच चालींचे लेखी पुरावे फार अलीकडचे आहेत, हे त्याने एकेक दाखला देऊन दाखवले. म्हणजे एकाच वर्षी एक लेखक सणाच्या मुळाशी आदिम रक्त पाहत होता आणि एक इतिहासकार ते रक्त कागदोपत्री सापडत नाही असे सांगत होता. मी व्यवसायाने हटनच्या बाजूचा. पण पणतीच्या प्रकरणानंतर मला दुसरी बाजूही ऐकून घ्यावीशी वाटली.

*

दूरचित्रवाणीवरचा 'हॉगफादर' रविवार १७ आणि सोमवार १८ डिसेंबर २००६ असा दोन रात्री दाखवला गेला. सॅटर्नेलियाचा पहिला दिवस साधला हा बहुधा योगायोग. वाहिनी स्काय वन. ती २०२१ मध्ये बंद झाली. दिग्दर्शक व्हादिम जीन. थाळीजगाच्या कादंबऱ्यांवर पूर्वी व्यंगचित्रपट निघाले होते, पण खरीखुरी माणसे घेऊन केलेले एवढे मोठे काम हे पहिलेच. मृत्यूचा आवाज इयन रिचर्डसनचा, सुझन झाली मिशेल डॉकरी, मृत्यूचा म्हातारा नोकर आल्बर्ट झाला डेव्हिड जेसन आणि मारेकरी मार्क वॉरन. खुद्द प्रॅचेट एका खेळणीवाल्याच्या लहानशा भूमिकेत दिसतो. वर्गणी भरून पाहायची वाहिनी असूनही वीस लाखांवर लोकांनी ते पाहिले.

माझा एक माजी विद्यार्थी तेव्हा तिकडे नोकरीला होता. २००७ च्या मे महिन्यात रजेवर आला तो या कार्यक्रमाची डीव्हीडी घेऊन. "सर, तुम्ही शाळेत सांगायचात, पुस्तक आधी वाचा, सिनेमा मग. मी उलटं केलंय," म्हणाला. त्याच्याच लॅपटॉपवर आम्ही दोन संध्याकाळी ते पाहिले. पुढे मी कादंबरी मिळवून वाचली. त्याने सांगितलेली हकिकत आणि नंतर मी वाचलेली मते जुळवली, तर प्रेक्षकांचे तीन गट पडतात.

पहिला गट जुन्या वाचकांचा. पुस्तकाला धरून केले आहे याचा त्यांना आनंद झाला. काळोखी शहर, दंतपरीचा वाडा, बर्फ, सगळे मनातल्यासारखे. पण त्यांच्या तक्रारीही त्याच प्रेमातून आलेल्या. पुस्तकात मृत्यूचे बोलणे अवतरणचिन्हांशिवाय, लहान आकाराच्या कॅपिटल अक्षरांत छापलेले असते. प्रत्येक वाचकाने त्याला आपापला आवाज दिलेला. आता त्याला एकच आवाज मिळाला. रिचर्डसनचा आवाज बहुतेकांनी मान्य केला, काहींनी नाही. प्रॅचेटच्या तळटीपा तर पडद्यावर येऊच शकत नाहीत, आणि अर्धा विनोद तळटीपांत! मारेकऱ्यावरून सर्वांत मोठा वाद झाला. त्याच्या नावाचे स्पेलिंग चहाच्या वेळेसारखे, आणि तो मात्र ते 'ते-आ-ति-मे' असेच उच्चारायला लावतो. वॉरनने त्याला एक पातळ, लहान मुलासारखा आवाज दिला. कोणी म्हणाले अंगावर काटा आला. कोणी म्हणाले हे तर चॉकलेट-कारखान्याच्या नुकत्याच आलेल्या चित्रपटातल्या जॉनी डेपसारखे झाले.

दुसरा गट पुस्तक न वाचलेल्यांचा. त्यांना ते संथ वाटले, लांबलेले वाटले, आणि कितीतरी गोष्टी कळल्याच नाहीत. हा सापळा का बोलतो, त्याला नात कशी, जादूगारांच्या विद्यापीठात मुंग्यांवर चालणारे यंत्र काय करते आहे? तीन तासांत याचे उत्तर कोणी देत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या कचेरीत सोमवारी सकाळी म्हणे निम्मे लोक समजावत होते आणि निम्मे समजून घेत होते.

तिसरा गट आईबापांचा. सणाचे दिवस, मुले शेजारी बसलेली, आणि पडद्यावर मृत्यू लाल झगा घालून मुलांच्या मोजांत खेळणी भरतो आहे. कोणाला हे सणाला शोभत नाही असे वाटले, तर कोणाला एवढे खरे सणाविषयी दुसरे काही पाहिलेच नाही असे वाटले.

*

हे तिन्ही गट नवे नाहीत. डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' १९ डिसेंबर १८४३ ला निघाली, सहा हजार प्रती पाच दिवसांत खपल्या, आणि १८४४ च्या फेब्रुवारीत लंडनच्या रंगभूमीवर तिची आठ नाटके चालू होती. पुस्तकातला म्हातारा आणि रंगमंचावरचा म्हातारा एकच का, ही चर्चा तेव्हापासूनची. १२ डिसेंबर १९५४ ला बी.बी.सी.ने ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' दाखवली, तेव्हा भयंकर दृश्यांवरून गहजब होऊन प्रकरण पार्लमेंटमधल्या ठरावांपर्यंत गेले. तरी चार दिवसांनी दुसरा प्रयोग झालाच. सणाच्या तोंडावर घराच्या बैठकीत काय यावे याबद्दल माणूस फार हळवा असतो.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? रणजित देसाईंचे कोवाड आमच्या बेळगावापासून फार दूर नाही, त्यामुळे 'स्वामी' ही आमच्या भागाला घरचीच कादंबरी. ती १९६२ ची. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर तिची मालिका आली, तेव्हा मी पी.यू.सी.ला होतो. रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव यांची रमा पाहून आमच्या घरी वडीलधाऱ्यांत अगदी हेच तीन तट पडले होते. माझ्या एका आत्याने तर मालिका पाहायचेच नाकारले. म्हणाली, "माझे माधवराव मला पुरेत." तेव्हा आम्ही तिला हसलो. आज कादंबरी उघडली की मला मंकणींचाच चेहरा दिसतो आणि माझे आधीचे माधवराव कसे होते ते काही केल्या आठवत नाही. आत्याने आपले माधवराव शेवटपर्यंत जपले. हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. वाचक स्वतःच्या मनात जे घडवतो ते त्याचे स्वतःचे असते, आणि ते एका चित्राने पुसले जाऊ शकते. माझ्या वाक्याने पणती विझली तसेच. म्हणूनच 'हॉगफादर'च्या प्रेक्षकांची कुरकुर मला क्षुल्लक वाटत नाही.

*

आणि तरीही हे तिन्ही गट एका ठिकाणी एकत्र आले. शेवटाकडे मृत्यू आणि सुझन बोलत बसतात, तो प्रसंग. वराहबाबा वाचला नसता तर काय झाले असते, असे ती विचारते. मृत्यू सांगतो की सूर्य उगवला नसता. पेटलेल्या वायूचा एक गोळा तेवढा जगावर उजेड पाडत राहिला असता. सुझनला वाटते, मुलांना बरे वाटावे म्हणून दिलेल्या साखरेच्या गोळ्या आहेत या. मृत्यू म्हणतो तसे नाही: माणसाला माणूस होण्यासाठीच कल्पना लागते. आधी लहान खोट्या गोष्टींवर विश्वास ठेवायला शिकावे लागते, म्हणजे पुढे मोठ्यांवर ठेवता येतो. त्या मोठ्या कोणत्या? न्याय, दया, कर्तव्य. सारे विश्व कुटून, वस्त्रगाळ करून पाहिले तरी त्यात न्यायाचा एक कण सापडणार नाही. आणि तरी माणूस तो आहे असे धरून वागतो, म्हणूनच तो थोडाफार जगात येतो.

कार्यक्रम संथ म्हणणारेही हा प्रसंग वाखाणतात असे मला पुन्हा पुन्हा आढळले. मी तो पाहिला तेव्हा बाहेर वळवाचा पाऊस सुरू होता. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, पुन्हा लावू?" मी नको म्हणालो. मला जिन्याखालची अंधारी जागा दिसत होती.

इतिहासाच्या शिक्षकाला हे मान्य करणे जड जाते. पुरावा नसलेल्या गोष्टींनी माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात हे आम्ही सीमाभागातल्या लोकांनी काही कमी पाहिलेले नाही. तेव्हा सगळेच खोटे गोड म्हणून पोटात घालावे असे माझे म्हणणे नाही. पण बलिप्रतिपदेला आमच्या आया-आज्या इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो म्हणत ओवाळतात, तेव्हा बळीच्या राज्याचा ताम्रपट मागायचा नसतो. न्यायाचे राज्य कधीतरी होते आणि पुन्हा येईल, असे मानल्याशिवाय ते यावे म्हणून कोणी धडपडणार नाही. कोणती गोष्ट पुराव्याने तपासायची आणि कोणती पणतीसारखी जपायची, हे ओळखणे हेच शिक्षकाचे काम. त्या रात्री मला ते ओळखता आले नाही.

*

पुढची हकिकत थोडक्यात. मृत्यूला आवाज देणारे इयन रिचर्डसन कार्यक्रमानंतर दोन महिन्यांच्या आत, ९ फेब्रुवारी २००७ ला वारले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रॅचेटने स्वतःला अल्झायमरचा एक प्रकार झाल्याचे जाहीर केले. कल्पनाशक्तीवर जगलेल्या माणसाचा मेंदूच त्याला सोडून चालला होता. तरी तो लिहीत राहिला. हात चालेना तेव्हा सांगून लिहवून घेत राहिला. त्याच्या कादंबऱ्यांवरचे आणखी दोन कार्यक्रम त्याच वाहिनीवर आले, एक २००८ च्या ईस्टरला आणि एक २०१० च्या मे महिन्यात. १२ मार्च २०१५ ला, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी तो गेला. ज्याने मृत्यूला इतके प्रेमळ करून दाखवले, त्याला मृत्यूने थोडा अधिक वेळ द्यायला हवा होता, असे त्याच्या वाचकांना वाटले. पण विश्वाच्या वहीत तशी तरतूद नसते, हे त्यानेच लिहून ठेवले होते.

शेजारचा तो मुलगा आता पंचविशी ओलांडून पुण्याला इंजिनिअर आहे. गेल्या दिवाळीत आला होता. मावळ्यांची गोष्ट त्याला आठवते का, असे मी विचारले. आठवत नाही म्हणाला. खरेच आठवत नसेल, किंवा मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला असेल. दुसरे असेल तर तो प्रॅचेटचा धडा माझ्या आधी शिकला.

त्याच जिन्याखाली आता त्याची भाची किल्ला करते. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मी परत येत होतो. तिने विचारले, "आजोबा, मावळे रात्री हलतात?"

मी म्हणालो, "मी कधी जागून पाहिलं नाही बाळ. पण त्यांना अंधारात ठेवू नकोस."

मग घरात गेलो, एक पणती आणली, तेल घातले, आणि तिच्या हातात दिली.